सव्वा सेकंदाचं माकड

मुलांनो,

मागे आपण काडेपेटीच्या छापांच्या संग्रहाविषयी बोललो होतो. आज तुम्हाला एका अशा वस्तूची गोष्ट सांगणार आहे, जी वाटून घ्यायची की जपून ठेवायची यावरून आमच्या चौथीच्या वर्गात चक्क दोन तट पडले होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. आमची शाळा बारामती तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. वर्गातली एक मुलगी सुट्टीत आजोळी, इंदापूर तालुक्यात गेली होती. येताना तिने एक गंजलेला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. म्हणाली, "बाई, आजीने माळा साफ केला, तेव्हा सापडला. मामा भंगारवाल्याला देणार होता, मी मागून घेतला."

डबा उघडला तर आत काळसर फितीचं वेटोळं! कडेला दोन्ही बाजूंनी चौकोनी भोकं आणि मधे एकाखाली एक इवली-इवली चित्रं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही वस्तू कधी पाहिलीच नसेल. ती होती सिनेमाची फिल्म.

मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि मुलं माझ्याभोवती मधमाश्यांसारखी जमली. चित्रात होता टोपी घातलेला एक कुत्रा. त्याच्यापुढे छोटी ढकलगाडी. गाडीत बसलेलं माकड मागे वळून कुत्र्याच्या टोपीकडे हात नेतंय. "टोपीवाला आणि माकडं!" एकजण ओरडला, आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

मग तोच म्हणाला, "बाई, प्रत्येकाला एक-एक तुकडा कापून द्या ना! सगळ्यांना मिळेल. भांडण नको."

बोलणं अगदी न्यायाचं वाटतं की नाही? निम्म्या वर्गाने हात वर केले. कपाटात कात्री होतीच. पण माझा हात काही कात्रीकडे जाईना. का, ते सांगते.

माझं लहानपणही इंदापूर तालुक्यातलंच. जत्रेला गावात सिनेमाचा तंबू यायचा. ट्रकवर यंत्र, समोर पांढरा पडदा, खाली माती. आम्ही घरून पोतं न्यायचो बसायला. फिल्म मधेच तुटायची, अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या. मशीनवाले काका तुटलेली टोकं कातरून जोडायचे, आणि कातरलेले तुकडे खाली टाकायचे. सकाळी ते वेचायला आमची झुंबड! पाच गोट्यांना एक तुकडा असा भाव होता. हिरो असलेल्या तुकड्याला दहा. दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, फटीतून आरशाने ऊन आत पाडायचं, पुढे पाणी भरलेला जुना बल्ब धरायचा आणि आजोबांच्या धोतरावर चित्र! उलटं दिसायचं, पण दिसायचं. (बल्बची काच फुटून हात कापतो, म्हणून हे तुम्ही करू नका. मी भिंग वापरायला सांगेन, तेही मोठ्यांसमोर.)

आमच्या शेजारच्या एका आजोबांनी तंबूत काम केलं होतं. त्यांच्याकडे एक छोटं रीळ होतं, त्यात दोन मांजरं भांडत होती. एकदा त्यांनी ते मला आणि माझ्या मावसभावाला बघायला दिलं. "बघून परत द्या" एवढंच म्हणाले. आम्ही बघितलं, आणि मग दोन-दोन बोटांचे तुकडे कापून गोट्यांवर विकले. दोन दिवसांत सगळं रीळ गावभर झालं. आजोबा रागावले नाहीत. रिकामी चकती हातात घेऊन त्यांनी फक्त विचारलं, "आता मांजरं भांडतील का गं?"

त्या वेळी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता. म्हणून मी वर्गाला सांगितलं, "कापायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. पण आधी गणित करू."

फळ्यावरचं गणित

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे आजोबा, तिचे तात्या, शाळेत आले. तरुणपणी ते फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. गाडीबरोबर गावोगावच्या जत्रा त्यांनी केल्या होत्या. त्यांनी आधी हात धुतले, पुसले, आणि मग फितीला फक्त कडांना धरत ती स्वच्छ चादरीवर थोडी-थोडी उलगडली. आम्ही फूटपट्टीने मोजत गेलो. भरली साठ फूट.

आता ऐका. ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. तिच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे ६० फुटांत ९६० चित्रं. बोलपटाच्या यंत्रातून दर सेकंदाला २४ चित्रं पुढे सरकतात. ९६० भागिले २४ म्हणजे ४० सेकंद. आमच्या वर्गात मुलं ३२. कापून वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० चित्रं, म्हणजे जेमतेम दोन फूट फीत.

"आणि किती वेळाचा सिनेमा येईल वाट्याला?" मी विचारलं.

फळ्यावर खडू कुरकुरला. सव्वा सेकंद!

वर्ग गप्प झाला. सव्वा सेकंदात शिंकसुद्धा नीट होत नाही. कुणाच्या वाट्याला नुसती टोपी, कुणाच्या नुसती गाडी. माकडाने टोपी ओढली आणि कुत्रा वळून बघू लागला, ही गंमत कुणाकडेच नाही. तात्या हसून म्हणाले, "पोरांनो, मान्सं चित्राला हसत न्हाईत. पुढं काय व्हतंय त्याला हसत्यात."

एकेक चित्र हातात घेतलं तर ते स्थिरच असतं. पण एक चित्र जाऊन लगेच पुढचं आलं की डोळ्यांना आणि मेंदूला ती हालचाल वाटते. सिनेमाची सारी जादू इतकीच. आणि ती जादू चित्रं एकमेकांना चिकटून असतील तोवरच. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला हेच विचारलं होतं.

प्राण्यांच्या गमतीची जुनी आवड

तात्या सांगत होते, असे छोटे विनोदी तुकडे मुख्य सिनेमाच्या आधी लावत. लोक जागा धरेपर्यंत गलका असायचा. पडद्यावर कुत्रा-माकड आलं की लहानथोर सगळे गप्प! भाषा समजायची गरज नाही, नाव ठाऊक असायची गरज नाही.

ही आवड सिनेमाच्या जन्मापासूनची आहे. १८९४ साली अमेरिकेत थॉमस एडिसनच्या स्टुडिओत दोन मांजरांची 'मुष्टियुद्धाची' एक चिमुकली फिल्म घेतली गेली. पंजात छोटे हातमोजे घातलेली ही मांजरं एका प्राणी-सर्कशीतली होती. इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी एक मुलगी मांजराच्या पिल्लाला चमच्याने औषध पाजते, अशी फिल्म काढली. लोकांनी ती इतकी मागितली, की प्रती काढून-काढून मूळ निगेटिव्ह झिजलं, आणि १९०३ मध्ये ती पुन्हा चित्रित करावी लागली. १९२९ ते १९३१ या काळात एमजीएम कंपनीने सगळी पात्रं कुत्र्यांची, अंगात कोट आणि झगे, अशा लघुपटांची मालिकाच काढली. कुत्रे बोलतायत असं वाटावं म्हणून त्यांना टॉफी चघळायला देत आणि वर माणसांचे आवाज भरत.

आणि आपल्याकडे? आपल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या बीचा वेल कसा वाढतो हे एकेक चित्र घेत टिपलं होतं. त्यांनी आगकाड्यांनाही पडद्यावर नाचवलं. पुढे 'प्रभात' कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. तिथे रघुनाथ केळकर यांनी १९३४ च्या सुमारास 'जंबू काका' नावाचं व्यंगपट, म्हणजे कार्टून केलं. जंबूक म्हणजे कोल्हा, हे पंचतंत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको! १९३५ मध्ये मुंबईच्या मोहन भवनानींनी 'लफंगा लंगूर' काढला. म्हणजे टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडचे कोल्हे आणि माकडं पडद्यावर खोड्या करत होती. हाताने एकेक चित्र काढायचं आणि एका सेकंदासाठी डझनावारी चित्रं लागायची. किती चिकाटी असेल, विचार करा.

माकडाच्या गळ्यात काय आहे?

फीत बघता बघता पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माकडाच्या गळ्यात दोरी आहे."

भिंग लावलं. खरंच, बारीक दोरी चौकटीबाहेर जात होती. दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं असणार. वर्गातलं हसू जरा ओसरलं.

जुन्या फिल्मांचा संग्रह करताना हेही बघायचं असतं. ती मुष्टियुद्ध करणारी मांजरं काही हौसेने लढत नव्हती. आज आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. १९९८ पासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करून दाखवण्यासाठी शिकवायला बंदी आहे. म्हणून दारावर येणारे दरवेशी आणि माकडवाले तुम्ही फारसे पाहिले नाहीत. सिनेमात प्राणी दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते.

मग अशी फिल्म टाकून द्यायची का? मी वर्गाला विचारलं. त्याच मुलीने उत्तर दिलं, "नको बाई. टाकली तर दोरी होती हे कुणाला कळणार?" मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

पाचशे येनचा ससा

आता संग्राहकांची गोष्ट. मिकी माऊस तुम्हाला माहीत आहे. पण मिकीच्या आधी वॉल्ट डिस्नेंनी एक ससा तयार केला होता, ऑस्वाल्ड. १९२७–२८ मध्ये त्याचे २६ छोटे मूकपट त्यांनी केले. पण सशाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते, ससा हातचा गेला, आणि मग डिस्नेंनी मिकी आणला. ऑस्वाल्डच्या कितीतरी फिल्म पुढे हरवल्या.

जपानमध्ये यासुशी वातानाबे नावाचे गृहस्थ शाळकरी वयात असताना त्यांनी ओसाकातल्या खेळण्यांच्या एका घाऊक दुकानातून एक जुनी फिल्म पाचशे येनना विकत घेतली. वेष्टनावर नाव मिकीचं होतं. त्यांनी ती सुमारे ७० वर्षं जपली. पुढे डिस्नेच्या हरवलेल्या फिल्मांविषयीचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं, आणि आपल्याजवळचा प्राणी मिकी नसून ऑस्वाल्ड असावा अशी शंका त्यांना आली. २०१८ मध्ये खात्री झाली: १९२८ ची हरवलेली फिल्म होती ती! मूळची पाच मिनिटांची, त्यांच्याकडे दोनच मिनिटांची. पण ती दोन मिनिटं सलग होती. त्या शाळकरी मुलाने ती मित्रांत वाटली असती तर?

नॉर्वेमध्येही ऑस्वाल्डची एक फिल्म अशीच राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. जुन्या प्राणी-विनोदांच्या मागे संग्राहक का लागतात, ते आता कळलं ना? त्या फिल्म छोट्या, स्वस्त, कुणी महत्त्वाच्या न मानलेल्या. मोठा सिनेमा कंपनी सांभाळते, छोटा सिनेमा सांभाळणारं कुणी नसतं. म्हणून तो एखाद्या माळ्यावर, एखाद्या बिस्किटाच्या डब्यात सापडतो.

आपण मात्र मोठेसुद्धा घालवले. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदीचा अंश असतो. तो काढून घेण्यासाठी पुष्कळ रिळं विकली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्यभर गावोगावहून रिळं गोळा केली. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आज आपल्याला पाहता येतो, तो त्यांच्या धडपडीमुळे. त्यात छोटा कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. नायर यांच्यावर २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट निघाला. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबूंवर २०१६ मध्ये 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' निघाला, तो कान महोत्सवात गाजला. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या तंबूवर सिनेमा? बरं झालं. आता तंबू तरी कुठं ऱ्हायलेत?"

मग आम्ही काय केलं?

कात्री कपाटातच राहिली. मतदान घेतलं, बत्तीस हात न कापण्याच्या बाजूने वर आले. पण गंमत तर सगळ्यांना हवी होती. म्हणून खिडकीच्या काचेला पातळ पांढरा कागद लावला, तात्यांनी फीत त्याच्यापुढे धरली, आणि मी मोबाईलने एका पाठोपाठ एक ७२ चित्रांचे फोटो घेतले. बारामतीत त्यांच्या छोट्या प्रती काढल्या. मुलांनी त्या जाड कागदावर चिकटवून, क्रमाने लावून, एका बाजूने शिवल्या. अंगठ्याने पानं सोडत गेलं की कुत्रा गाडी ढकलतो, माकड वळतं, टोपी ओढतं!

तीन सेकंदांचा सिनेमा. तो बत्तीस जणांनी पाहिला, आणि एकाच्याही वाट्याला कमी आला नाही. तात्या पुनःपुन्हा पानं फडफडवत होते. फितीच्या कडेची ती नागमोडी बारीक रेघ दाखवून म्हणाले, "हा आवाज हाय. यातनं उजेड गेला की भोंग्यातून माकड चिरकायचं. तंबूत पोरं त्याच्यासंगं चिरकायची."

शेवटी मुलीने विचारलं, "बाई, पुण्याच्या संग्रहालयाला दिली तर ती माझी राहील का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हटलं, "ती तात्यांची आहे, आणि नंतर तुझी. कुणी जबरदस्ती करणार नाही. पण तुझ्या माळ्यावर उन्हाळ्यात पत्रा तापतो. तिथे थंड, कोरड्या खोल्या असतात. आणि वस्तू कुणी जपली हे लिहून ठेवलं, तर ती सापडवणाऱ्याचं नाव राहतं."

ती घरी विचारून सांगणार आहे. मी घाई करत नाही. तोवर डब्यावर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: कुणाची, कुठे सापडली, कधी, किती फूट. आणि खाली मोठ्या अक्षरात: "कापू नये."

जपण्याचे नियम, वहीत उतरवून घ्या

१. फिल्म कडांना धरा. चित्रांवर बोट लावू नका, घामाचे डाग पडतात.

२. वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे. ती इतर फिल्मांपासून वेगळी ठेवा.

३. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' हा शब्द शोधा. १९५० च्या आसपासपर्यंतच्या पुष्कळ फिल्म नायट्रेटच्या असत. त्या भराभर पेट घेतात आणि पाण्यानेही विझत नाहीत. शंका आली तर हात लावू नका, ऊन आणि विस्तव दूर ठेवा, मोठ्यांना सांगा. पुण्यातच २००३ मध्ये अशा जुन्या फिल्मांच्या साठ्याला आग लागून अनमोल रिळं गेली.

४. डबा कोरड्या, थंड जागी ठेवा. पत्र्याखाली नको, चुलीजवळ नको.

५. चिठ्ठी लावा. नाव नसलेली वस्तू भंगारात जाते.

आई-बाबांना एक विनंती. माळा साफ करताना जुना डबा, लग्नाची व्हिडिओ कॅसेट, आजोबांच्या कामाची हत्यारं दिसली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा मुलांना हाक मारा. भंगाराचे वीस रुपये येतील, पण आजोबांना एक गोष्ट विचारायची संधी जाईल.

आणि मुलांनो, या आठवड्याचं काम: तुमच्या गावात सिनेमाचा तंबू कुठे लागायचा, मुख्य सिनेमाआधी काय दाखवत, कोणता प्राणी पाहून लोक सगळ्यांत जास्त हसत, हे घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा आणि मला लिहून पाठवा. पाच ओळीसुद्धा चालतील. चांगली उत्तरं आपण याच पानावर छापू.

माझ्या त्या शेजारच्या आजोबांना आता उत्तर द्यायला ते नाहीत. त्यांची मांजरं पुन्हा भांडायची नाहीत. पण चौथीच्या वर्गात एक माकड अजून टोपी ओढतंय, हे त्यांना आवडलं असतं.

तुमच्या,
बाई